आलोच

१

बातमी आली त्या दिवशी देल्फिना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि तेयो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कॉफी पीत होता. रोज उभ्यानंच प्यायचा. एकदा बसलो की उठवत नाही, म्हणायचा. त्रेपन्न वर्षांचा माणूस, सगळा जन्म गाड्यांच्या पोटाखाली गेलेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

फोन सरहद्दीपलीकडचा होता. आधी नुसता वारा ऐकू आला, मग एका बाईचा आवाज.

"बोहोर्केस स्प्रिंगवाले ना?"

"हो. दुकान आठला उघडतं."

"दुकानाचं काम नाही हो. मी पेन्यास्कोहून बोलते, ताचा. इथे खाडीवर आम्ही बायका कालवं लावतो. तुमची किल्ली सापडलीये."

"कसली किल्ली?"

"गाडीची. टोपली उपसली तर कालवांच्या मधे अडकलेली. बिल्ल्यावर दुकानाचं नाव आहे, नंबर आहे. अक्षरं खारानं खाल्लीत, पण लागला फोन."

तसे बिल्ले तेयोनं दोनच करून घेतले होते. एक त्याच्या कमरेला होता. त्यानं कप ओट्यावर ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये याची त्यानं काळजी घेतली, का ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"आणि चालू आहे हो अजून," ताचा कौतुकानं म्हणाली. "बटण दाबलं की बारका तांबडा दिवा लागतो. हे बघा."

जणू त्याला फोनमधून दिसणारच होतं. तिनं बटण दाबलं असावं. बाहेर पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या गाडीची चारही कुलपं खट् करून उघडली. दिवे एकदा मिचकले.

देल्फिना रिकामी टोपली कमरेवर घेऊन आत आली. "गाडी उघडलीस का रे, म्हाताऱ्या?"

"हो," तेयो म्हणाला.

२

तूसान शहराला समुद्र नाही. चहूकडे वाळवंट आणि माणसाच्या दुप्पट उंचीची निवडुंगं. पण शहराच्या दक्षिण भागात राहणाऱ्या प्रत्येक घराचा एक समुद्र असतो, आणि तो सरहद्दीपलीकडे, गाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असतो. ईस्टरच्या पवित्र आठवड्यात तिकडे जायचं. जायचं की नाही याचा घोळ त्याच्या कितीतरी आधीपासून घालायचा: रांग किती असेल, वाट धड आहे का, मेक्सिकोतला गाडीचा विमा कुणी काढायचा, बर्फाची पेटी कुणाची न्यायची. बोहोर्केसांच्या घरात हा घोळ दरवर्षी जेवणाच्या टेबलावर व्हायचा आणि दरवर्षी शेवटी "बरं, जाऊ या" असाच संपायचा. गेली दोन वर्षं तो विषयच निघाला नव्हता.

पेन्यास्कोच्या त्या किनाऱ्यावरची ओहोटी साधी नसते. पाणी मागे सरतं ते सरतच जातं, पार डोळ्याच्या टोकाला रेघ होऊन राहतं. मधे खडक, डबकी आणि ओली, चकाकती जमीन उघडी पडते. एफ्रेन त्यांचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी असाच डबकी बघायला निघाला होता. अनवाणी. जेवायची वेळ झाली होती, आणि गाडीची किल्ली त्याच्या अर्ध्या विजारीच्या खिशात होती.

"अरे, आधी डबे तरी काढून दे!" देल्फिना ओरडली होती.

त्यानं न थांबता मागे हात केला. "अओरीता!"

आपल्या 'आलोच'सारखा हा शब्द आहे. म्हणणारा तोंड फिरवून चाललेला असतो आणि 'आलो' म्हणत असतो. त्याचा अर्थ आत्ता, या क्षणी, असा होतो. जरा वेळानं, असाही होतो. तिसराही एक अर्थ होतो. तो शब्दकोशात नसतो, पण तिकडच्या सगळ्यांना माहीत असतो.

पाणी परत आलं. एफ्रेन आला नाही. संध्याकाळी भरती चाकांपर्यंत पोचली तेव्हा गाडी कुलूपबंद होती; आत त्यांचं पाणी, टॉवेल, जेवण. तेयोनं दगड घेऊन काच फोडली. पोरगा समुद्रात आणि बाप गाडीची काच फोडतोय. किनाऱ्यावरची माणसं बघत होती, हे त्याच्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं. होड्या फिरल्या. काही मिळालं नाही. सोनोय्ता गावच्या किल्लीवाल्यानं नवी किल्ली करून दिली, आणि ती जुळवताना जुनीची खूण गाडीतून पुसून टाकली. तेयो स्वतः शेजारी उभा होता. त्या जुन्या किल्लीनं ही गाडी उघडणं शक्य नव्हतं. हाताच्या अंतरावरूनही नाही.

३

त्यानं तिला रात्री जेवताना सांगितलं. किल्लीचं सांगितलं, कुलपाचं नाही.

देल्फिनानं हातातली पोळी खाली ठेवली. "मग कधी निघायचं?"

"पाठवून देईल ती. सांगतो तिला."

"तो काय पार्सल आहे?"

"किल्ली आहे, देल्फिना. पत्रा आणि प्लॅस्टिक."

"त्याच्या खिशात होती."

"खिसा कुठाय?"

हे बोलायला नको होतं. ती उठली, ताटं आवरली, नळ सोडला. पाण्याच्या आवाजात, पाठमोरी, म्हणाली, "दुकानातला तुझा नाबोर यंदाही ईस्टरला तिकडे चाललाय. जागा असेल त्यांच्या गाडीत."

"बाजूला बसून त्याच्या बायकोची बडबड ऐकशील अर्धा दिवस?"

"इथे तुझं गप्प बसणं ऐकतेच आहे की."

सकाळी तेयो कामावर जायला निघाला आणि गाडीपाशी थबकला. त्याची नजर माणसाच्या चेहऱ्यावर उशिरा जायची, गाडीच्या बुडाशी आधी. मागचं डावं चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यामधली फट कमी वाटत होती. त्यानं हात आडवा घातला. रिकाम्या गाडीत तिथे चार बोटं बसायची. आज तीन बसली, तीही जेमतेम.

डावीकडची मागची सीट एफ्रेनची. लहानपणापासून. तिकडे स्टिअरिंगही डावीकडे, म्हणून बापाच्या पाठीमागे, म्हणजे त्याला आरशात दिसायचं नाही.

४

नाबोर त्याचा दुकानातला भागीदार, आणि एफ्रेनचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातावर घेऊन उभा राहिलेला धर्मपिता. एकमेकांना ते नावानं हाक मारत नसत, कोंपाद्रे म्हणत. त्यानं गाडी बघितली आणि हसला.

"डिकीत सासू घातलीस काय, कोंपाद्रे?"

"सासू जाऊन सात वर्षं झाली."

"मग हे वजन कुणाचं?"

तेयो जॅक घेऊन आला. गाडी जॅकवर चढवली. स्प्रिंग ठीक होती, शॉक ऍब्सॉर्बर कोरडा, टायरमध्ये हवा बरोबर. तरी त्यानं स्प्रिंग बदलली. बदलण्यासारखं काहीतरी असायला हवं होतं. गाडी खाली उतरवली. नाबोरनं स्वतःचा हात घातला, काढला, पुन्हा घातला.

"जास्तच बसली," तो म्हणाला. आता हसत नव्हता. "असली गाडी घेऊन सरहद्दीवर जाऊ नकोस. ते लोक आधी बूडच बघतात. काय भरलंय म्हणून उभी चिरतील."

"जायचंय कुणाला?"

"कोंपाद्रे," नाबोर हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. "मागे वास कसला येतोय? खाडीसारखा?"

"नवीन रबराचा," तेयो म्हणाला.

५

त्यानं बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या. दुपारी भर उन्हात, अंगण तव्यासारखं तापलेलं असताना, दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसली होती आणि बाहेर कुलूप वाजलं. खट्. जरा वेळ गेला. पुन्हा, खट्. एखादा कंटाळलेला पोरगा खिशात हात घालून चाळा करतो तसं.

गरम पत्रा प्रसरण पावतो. तेयोनं हे मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नाही, कारण देल्फिना त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी मागची सीट पुसते रोज. पुसली की परत ओली. खाली वाळू. आपल्याकडची नाही, शिंपल्यांच्या चुऱ्याची."

"तू मला बोलली नाहीस."

"तू मला बोललास?"

फ्रिजची घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"तो न्यायला आलाय आपल्याला," देल्फिना म्हणाली. "तिकडे कुठेतरी पडलाय आणि बोलावतोय. किल्ली उगाच सापडत नाही. जायचं, ती घ्यायची, त्याला घ्यायचं आणि यायचं. मग मी कधी त्या पाण्याचं नाव काढणार नाही."

"आणि मला काय वाटतं सांगू?" तेयो म्हणाला. असल्या गोष्टी बोलायची त्याला सवय नव्हती. बोलताना तो टेबलावरच्या मीठदाणीकडे बघत होता. "तो घरी आलाय. स्वतःचा स्वतः. वाट शोधत. कसा आला असेल ते त्यालाच ठाऊक. आणि आपण काय करणार, तर त्याला गाडीत बसवून परत तिथेच सोडायला जाणार."

"सोडायला नाही."

"येताना गाडी हलकी झाली तर? काय करशील?"

  बाहेर कुलूप वाजलं. दोघंही ऐकत बसली. पोराला दोघांपैकी कुणाचं म्हणणं पटलं, हे त्या आवाजावरून कळेल, अशा तऱ्हेनं.

६

ताचाला 'येतोय' असं परस्पर कळवून शनिवारी सकाळी देल्फिना गाडीत जाऊन बसली. पुढे, मांडीवर पिशवी घेऊन. तेयोनं दोनदा हाक मारली. मग बॅटरीच्या तारा जोडल्या, हात धुतले आणि चालवायला बसला. तिला एकटीला नाबोरच्या गाडीत पाठवलं असतं, तर मागची सीट इथेच, त्याच्यापाशी राहिली असती. हा विचार त्याच्या मनात आला होता. तिच्याही आला असणार. म्हणूनच ती याच गाडीत येऊन बसली होती.

"पिशवीत काय आहे?"

"बुरितो. पाणी. पासपोर्ट."

"किती?"

तिनं पिशवीचं तोंड मिटलं. मग म्हणाली, "त्याच्या पासपोर्टची मुदत संपलीये गेल्या वर्षी."

"मग त्याला नाही सोडायचे पलीकडे," तेयो म्हणाला, आणि दोघंही हसली. फार दिवसांनी हसली. हसू आलं तसंच गेलं.

वाट ओळखीची होती. ओसाड गावं, बंद पडलेले पेट्रोलपंप, निवडुंगांचे हात. बोलायचं ठरलं नव्हतं, पण मागे बघायचं नाही एवढं दोघांनी न बोलता ठरवलं होतं. मागे भार असला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात तरंगतं. तेयोला मान वळवायची गरजच नव्हती. वळणावर गाडी किंचित डावीकडे कलायची. ओल्या पायाखाली वाळू चुरावी तसा आवाज अधूनमधून यायचा. खिडकी पूर्ण लागत नाही, वाऱ्यानं रबर वाजतं. बरोबर. पण वास?

अर्ध्या वाटेवर देल्फिनानं पिशवी उघडली. चांदीच्या कागदात गुंडाळलेली भरली पोळी, एक बुरितो, त्याच्या हातात दिला, एक स्वतःच्या मांडीवर ठेवला. आणि बोलता बोलता, म्हणजे पेट्रोल कुठे भरायचं यावर काहीतरी बोलत असताना, तिनं तिसरा घेतला आणि समोर बघतच हात दोन्ही सीटच्या मधून मागे केला. वीस वर्षांची सवय.

तेयोनं रस्त्यावरची नजर काढली नाही. तिचा हात पुढे आला तेव्हा रिकामा होता. तिनं तो मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं झाकला. बोटं ओली होती.

जरा वेळानं मागे चांदीच्या कागदाची करकर ऐकू आली. अगदी हलकी.

७

लुकव्हिलला सरहद्दीच्या नाक्यावर रांग पार टेकाडापर्यंत आली होती. छपरांवर फुगवलेल्या ट्यूबा बांधलेल्या गाड्या, खिडक्यांतून बाहेर काढलेले पाय, गाणी. पलीकडे झेंडा. रांगेच्या पुढच्या टोकाला, फाटकाच्या जरा अलीकडे, परत वळायला एक जागा आहे. ज्यांचं मन बदलतं त्यांच्यासाठी.

"वीस मिनिटांत पलीकडे असू," देल्फिना म्हणाली. तिच्या आवाजात जुना उत्साह होता. तेयोला तो सहन होईना.

"आणि संध्याकाळी परत याच रांगेत," तो म्हणाला. "दोघंच."

"तिघं."

"तुला खात्री आहे?"

"तुला न जाण्याची आहे?"

समोरची गाडी सरकली. तेयो सरकला. खाली टायर आणि मडगार्डमध्ये आता बोटही गेलं नसतं. खड्ड्यात गाडीचं बूड घासत होतं. पुढे एक शिपाई वाकून वाकून गाड्यांची बुडं बघत येत होता.

"तेयो. मी त्याला सांगितलं होतं डबे काढून दे. थांब म्हटलं नव्हतं. थांब म्हणायला हवं होतं. एवढंच म्हणून येईन मी तिथे. मग तू म्हणशील तसं."

तेयोच्या डोळ्यांपुढे ती ओली, चकाकती जमीन आली आणि तिच्यावरून चालत गेलेली पाठ. तिथे पोचल्यावर मागचं दार उघडेल. तो उतरेल. कुणीतरी 'थांब' म्हणेल, आणि तो न थांबता मागे हात करेल. एकदा बघितलं ते पुष्कळ झालं.

वळायच्या जागेशी येताच त्यानं स्टिअरिंग फिरवलं.

"काय करतोस? तेयो! अरे—"

गाडी वळणाच्या मधोमध होती तेव्हा कुलूप वाजलं. खट्. आणि स्टिअरिंग त्याच्या हातात जड झालं, पुढची चाकं रस्त्याला नीट टेकली. रोजच्यासारखी, रिकाम्या गाडीसारखी. त्यानं आरशात बघितलं. इतका वेळ बघितलं नव्हतं, आता बघितलं.

पायी जाणाऱ्यांची वेगळी वाट तिथे फाटकाकडे जाते. टोप्या, टोपल्या, पोरं कडेवर. त्यांच्यात एक पाठ. पाठीला चिकटलेला ओला सदरा, आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी पाय, न भाजणारे. हात वर गेल्यासारखा वाटला. मग मधे एक बस आली.

"गेला," देल्फिना म्हणाली. तिनं मागे वळून बघितलंच नव्हतं. "तो चालत निघाला. आपण वळलो म्हणून."

८

परतीच्या वाटेवर गस्तवाल्यांचा तंबू लागतो. गणवेशातल्या तरुणानं आत डोकावून बघितलं.

"कुठून?"

"रांगेतूनच परतलो," तेयो म्हणाला. "मन बदललं."

"दोघंच?"

"दोघंच."

"सर, तुमचं मागचं डावं दार नीट लागलेलं नाही."

तेयो उतरला. दार बोटभर उघडं होतं. सीट ओली होती. तिच्यावर बुरितो नव्हता. चांदीच्या कागदाची घट्ट वळलेली एक गोळी होती, हरभऱ्याएवढी. एफ्रेन कागदाच्या अशाच गोळ्या करून सीटच्या फटीत कोंबायचा. साफ करताना त्या वर्षानुवर्षं निघत राहिल्या होत्या. ही त्यातलीच एखादी असेल. तेयोनं ती तिथेच राहू दिली. मग त्यानं दार लावलं. आपल्या हातानं, जोर देऊन, नीट.

घरी आल्यावर त्यानं फट बघितली. चार बोटं सहज बसली. त्यानंतर कुलूप एकदाही आपोआप वाजलं नाही. दुपारी दुपारी देल्फिना छपराखाली जाऊन मागच्या सीटवर बसते. डावीकडे नाही, उजवीकडे. तेयो तिला बोलवत नाही. एकदा संध्याकाळी त्यानं हात घालून बघितलं, ती आत बसलेली असताना. गाडी तिच्या वजनानंही दबलेली दिसेना.

ईस्टर होऊन गेल्यावर ताचाचा फोन आला. देल्फिनानं घेतला.

"येणार होतात ना हो? मी वाट बघत होते. किल्लीचा दिवा आता लागत नाही. शनिवारपासून बंदच आहे. पण मी ठेवलीये नीट, तांदळाच्या बरणीत. कधी येताय?"

देल्फिनानं टेबलापलीकडे तेयोकडे बघितलं. तो मीठदाणी इकडची तिकडे करत होता.

"अओरीता," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

किल्ली अजून ताचाकडेच आहे. ती आणायला कोणी गेलेलं नाही.